लिनक्सवरच्या डेस्कटॉप प्रोग्रामला डेटाबेस कसा जोडावा? ओडीबीसी, थेट ड्रायव्हर की नुसती फाईल?

छावणीकर (धागाकर्ता), इंदूर

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं एकदाच सांगितलं की सल्ला द्यायला सोपं जाईल.

आमच्या मंडळाचं इंदुरात एक मराठी वाचनालय आहे. पुस्तकं साडेअकरा हजारांच्या घरात, वर्गणीदार चारशेच्या आसपास. देवघेवीचा प्रोग्राम मी २००२ साली व्हीबी ६ मध्ये लिहून दिला होता, मागे ॲक्सेसची एमडीबी फाईल. इतकी वर्षं तो चालला. आता विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आमच्या तिन्ही मशीनवर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, म्हणजे विंडोज ११ चा रस्ता बंद. नव्या मशीनचा खर्च मंडळाला झेपणारा नाही आणि जुन्या तर धडधाकट आहेत. म्हणून जेल रोडवरून तीन एसएसडी आणल्या आणि तिन्हींवर लिनक्स मिंट टाकलं. मशीन पळायला लागल्या.

प्रोग्राम मात्र नव्याने लिहायचा आहे. वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायचं साधन) जुनाच ओढत राहायचं नाही हे ठरलंय. पायथन मला बऱ्यापैकी येतं, पडद्यावरच्या खिडक्या पायसाइडमध्ये, म्हणजे क्यूटी या खिडक्या बनवायच्या साधनात, करून पाहिल्या, जमल्या. अडलंय ते डेटाबेसपाशी. व्हीबीत एडीओची (मायक्रोसॉफ्टची डेटाबेस जोडायची सोय) एक ओळ लिहिली की काम व्हायचं. इथे एसक्यूलाइट, पोस्टग्रेस, मारियाडीबी, फायरबर्ड असे कितीतरी डेटाबेस, आणि प्रत्येकाला जोडायचे पुन्हा दोन-तीन मार्ग.

गरज अशी आहे: देवघेवीला माणसं बसतात ती दोन टेबलं, प्रत्येकावर एक मशीन, तिसरी मशीन ऑफिसात. संध्याकाळी ५ ते ८ गर्दी, रविवारी सकाळी त्याहून जास्त. डेटा एकच, तिघांनी एकाच वेळी वापरायचा. जुनी एमडीबी आत घ्यायची आहे आणि तीत सगळी नावं कृतिदेवमध्ये, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, टाईप केलेली आहेत.

तुम्ही असता तर काय केलं असतं?

माळवी_मोड, इंदूर

दादा, एवढ्याशा कामाला एसक्यूलाइट पुरेसं आहे. सर्व्हर बसवा, पासवर्ड सांभाळा ही भानगडच नाही. पायथनमध्ये २.५ पासून, म्हणजे २००६ पासून, ते आतच येतं, वेगळं काही टाकायला लागत नाही. एक फाईल, तिची कॉपी काढली की बॅकअप. साडेअकरा हजार पुस्तकं म्हणजे त्याला काहीच नाही.

ऑफिसच्या मशीनवर फाईल ठेवा, सांबाने (नेटवर्कवर फोल्डर वाटायचं साधन) फोल्डर शेअर करा, दोन्ही टेबलांवरून तीच उघडा. एमडीबी अशीच चालत होती ना?

मांडवीकर, वडोदरा

माळवी_मोड यांचा सल्ला एका मशीनपुरता शंभर टक्के बरोबर आहे. शेअर केलेल्या फोल्डरबद्दल मात्र कळकळीने सांगतो, ते करू नका.

मी इथे छोट्या दुकानांसाठी आणि गोदामांसाठी प्रोग्राम लिहितो. एका गिऱ्हाइकाकडे मी अगदी हेच केलं होतं: एसक्यूलाइटची फाईल सांबावर आणि तीन मशीन तिच्यावर. चार महिने उत्तम चाललं. मग गर्दीच्या वेळी ‘डेटाबेस इज लॉक्ड’ यायला लागलं. मी थांबण्याची मुदत, म्हणजे बिझी टाइमआउट, वाढवून दिली. नोव्हेंबरात एका संध्याकाळी ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’ आलं आणि फाईल उघडेना. रात्रभर बसून एसक्यूलाइटच्या ‘रिकव्हर’ आज्ञेने जे निघालं ते काढलं. त्या दिवसाच्या दुपारनंतरची बिलं कागदावरून पुन्हा चढवली. चूक माझी होती. एसक्यूलाइटवाले स्वतः ठळकपणे सांगतात की नेटवर्कवरच्या फाईलला कुलूप नीट लागेल याची खात्री नाही.

कारण समजून घ्या. एसक्यूलाइटला सर्व्हर, म्हणजे सगळ्यांची मागणी ऐकून डेटा सांभाळणारा एकच प्रोग्राम, नसतो. फाईलमध्ये लिहिण्याची पाळी कुणाची, हे प्रत्येक मशीनवरचा प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमच्या कुलपावरून ठरवतो. एकाच मशीनवर ते कुलूप पक्कं असतं. मध्ये सांबा किंवा तसंच एनएफएस आलं की एका मशीनला ‘मिळालं’ वाटतं आणि दुसरीलाही तेच वाटू शकतं. २०१० पासून त्यात वॉल नावाची पद्धत आहे, ती एका मशीनवर फार छान चालते, कारण वाचणारे आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत. पण ती सगळ्यांच्या सामायिक मेमरीवर उभी आहे. दोन वेगळ्या मशीनची मेमरी सामायिक कुठून असणार? म्हणजे नेटवर्कवर वॉल चालतच नाही.

एमडीबी शेअरवर चालायची हे खरं. पण ‘रिपेअर अँड कॉम्पॅक्ट’ किती वेळा दाबायला लागायचं तेही आठवा.

छावणीकर

मांडवीकर, दर महिन्याला दाबायचो. एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर फाईल उघडलीच नव्हती, जुन्या सीडीवरून परत आणली. बरं झालं लिहिलंत.

म्हणजे सर्व्हर लागणार. मग पुढचा प्रश्न: ओडीबीसीने, म्हणजे कुठल्याही डेटाबेसला एकाच पद्धतीने जोडायच्या सोयीने, जावं का? विंडोजवर ती ओळखीची होती. उद्या डेटाबेस बदलला तर प्रोग्राम बदलायला लागणार नाही, असं वाटतं.

लष्करवाला, ग्वाल्हेर

ओडीबीसीवर मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर.

ओडीबीसी १९९२ ची, मायक्रोसॉफ्टची. लिनक्सवर तिचे दोन ‘ड्रायव्हर मॅनेजर’ आहेत, युनिक्सओडीबीसी आणि आयओडीबीसी. मिंट, उबुंटू, डेबियनवर तुम्हाला युनिक्सओडीबीसीच भेटेल. रचना तीन थरांची: तुमचा प्रोग्राम मॅनेजरशी बोलतो, मॅनेजर त्या-त्या डेटाबेसचा ड्रायव्हर उघडतो, ड्रायव्हर सर्व्हरशी बोलतो. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलातली डीएसएनची (जोडणीला दिलेल्या नावाची) खिडकी इथे दोन साध्या मजकुराच्या फाईलींत आहे. ‘ओडीबीसी-इन्स्ट डॉट आयएनआय’मध्ये ड्रायव्हरची नावं आणि ते कुठे ठेवलेत ते, ‘ओडीबीसी डॉट आयएनआय’मध्ये डीएसएन. ही दुसरी फाईल प्रत्येक वापरणाऱ्याच्या घर-फोल्डरातही असू शकते, तिथे तिच्या नावाआधी टिंब असतं. नेमक्या कुठल्या फाईली वाचल्या जातायत हे ‘ओडीबीसी-इन्स्ट’ला ‘जे’ हा पर्याय देऊन बघायचं. बहुतेकांचे पहिले दोन तास चुकीच्या फाईलमध्ये बदल करण्यात जातात. तसं झालं की ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड’ येतं, क्रमांक आयएम००२.

दुसरी हमखास अडचण: ‘कान्ट ओपन लिब’ आणि पुढे ‘फाईल नॉट फाउंड’. तुम्ही जाऊन बघता तर फाईल तिथेच आहे. अशा वेळी त्या ड्रायव्हरला लागणारी दुसरी एखादी लायब्ररी मशीनवर नसते, आणि संदेशात नाव मात्र ड्रायव्हरचं येतं. ‘एलडीडी’ ही आज्ञा लागणाऱ्या लायब्ररींची यादी दाखवते, ती लावून बघा, जिच्यापुढे ‘नॉट फाउंड’ असेल ती बसवा. ३२ बिटचा ड्रायव्हर आणि ६४ बिटचा प्रोग्राम हेही इथेच आपटतात.

तिसरी आपल्या कामाची. पोस्टग्रेसचा ओडीबीसी ड्रायव्हर बसवला की दोन नावं दिसतात, एक ‘आन्सी’ आणि एक ‘युनिकोड’. देवनागरीसाठी डोळे मिटून युनिकोड. आन्सी घेतलात तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसू शकतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. ‘उद्या डेटाबेस बदलला तर’ हे कारण मला कधीच पुरेसं वाटलं नाही. ओडीबीसीने जोडणी सारखी होते, एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला आज्ञा द्यायची भाषा, सारखं होत नाही. आपोआप वाढणारा क्रमांक, तारखांचा हिशेब, सगळं प्रत्येकाचं वेगळं. ते बदलावंच लागतं. ओडीबीसी घ्यावी ती दोन ठिकाणी. पहिलं, जिथे दुसरा मार्गच नाही, उदाहरणार्थ दुसऱ्या कुणाच्या मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरमधून फ्रीटीडीएस या ड्रायव्हरने डेटा ओढायचा असेल तेव्हा. दुसरं, लिबरऑफिस कॅल्कमधून किंवा एखाद्या अहवालाच्या साधनातून तोच डेटा वाचायचा असेल तेव्हा. स्वतःच्या प्रोग्रामला स्वतःचा डेटाबेस जोडताना थेट ड्रायव्हर घ्या. एक थर कमी आणि चुकीचा संदेश सरळ सर्व्हरकडून येतो.

एक_वाचक

गॅम्बास पाहिलंत का? व्हीबीतून आलेल्या माणसाला ते घरच्यासारखं वाटतं. फॉर्म, बटण, इव्हेंट तसंच, आणि जोडणीसाठी एकच ‘कनेक्शन’ ऑब्जेक्ट, त्याला प्रकार सांगायचा: एसक्यूलाइट, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल किंवा ओडीबीसी. लझारसही आहे, डेल्फीच्या वळणाचं. त्यात फायरबर्डची जोडणी विशेष चांगली.

छावणीकर

गॅम्बास उघडून पाहिलं, खरंच ओळखीचं वाटलं. पण मंडळातली दोन कॉलेजची मुलं पायथन शिकतायत आणि माझ्यानंतर हे त्यांनीच सांभाळायचं आहे. म्हणून पायथनच.

सुदामानगरची_ताई, इंदूर

एमडीबीबद्दल लिहिते. एमडीबी चालवणारं मायक्रोसॉफ्टचं जेट इंजिन लिनक्सवर नाही, त्यामुळे ती फाईल ‘जोडून’ प्रोग्राम चालवायचा विचार सोडा, एकदाच बाहेर काढा. त्यासाठी ‘एमडीबीटूल्स’ आहेत. एक आज्ञा टेबलांची नावं दाखवते, एक टेबलांची रचना थेट पोस्टग्रेसच्या बोलीत लिहून देते, तिसरी प्रत्येक टेबल सीएसव्हीत, म्हणजे साध्या मजकुराच्या तक्त्यात, काढते.

जावा येत असेल तर ‘यूकॅनॲक्सेस’ हा जेडीबीसी (जावाची डेटाबेस जोडायची पद्धत) ड्रायव्हरही आहे, तो शुद्ध जावात लिहिलेला असल्याने लिनक्सवर चालतो आणि एमडीबीत लिहूही शकतो. पूर्वी लोक जावाचा जेडीबीसी-ओडीबीसी पूल वापरायचे, तो जावा ८ मध्ये काढून टाकला, त्यामुळे जुन्या लेखांच्या मागे जाऊ नका.

भाऊ, एक नीट बघा: फाईल ॲक्सेस ९७ ची आहे की २००० ची? ९७ च्या फाईलमध्ये मजकूर जुन्या एक-बाइटी संचात असतो, २००० पासून युनिकोडमध्ये. कृतिदेवची कित्येक चिन्हं त्या संचाच्या वरच्या अर्ध्यात बसलेली आहेत. काढताना संच चुकला तर नेमकी तीच अक्षरं बिघडतात आणि बाकीचं बरोबर दिसतं, म्हणून लवकर लक्षात येत नाही. ९७ ची असेल तर एमडीबीटूल्सना संच सांगायचा एक एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल आहे.

छावणीकर

ताई, फाईल २००० ची निघाली. सीएसव्ही बाहेर आली. पोस्टग्रेस ऑफिसच्या मशीनवर बसवलं. कालपासून कृतिदेवचं युनिकोड करतोय. दोन गोष्टी ज्यांना पुढे लागतील त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप झालेली असते, टाईपरायटरसारखी, आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. म्हणजे नुसतं एका चिन्हाच्या जागी दुसरं ठेवून भागत नाही, अख्खं अक्षर, जोडाक्षरासकट, ओळखून वेलांटी त्याच्या मागे न्यावी लागते. ‘स्थिती’ आणि ‘वर्तुळ’ हे दोन शब्द मी चाचणीला ठेवलेत. रुपांतरात हे दोन बरोबर आले की बाकीचे बरेच येतात.

पण दुसरी गोष्ट अजून सुटलेली नाही. काल ग्रंथपाल काकूंना बसवून शोध घेऊन पाहिला. त्यांनी ‘दऱ्या’ टाईप केलं. त्या शब्दाची तीन पुस्तकं कपाटात आहेत, मी स्वतः उठून पाहिली. पडद्यावर शून्य. मी टाईप केलं, एक सापडलं. पडद्यावर सगळेच ‘दऱ्या’ तंतोतंत सारखे दिसतायत. जोडणी बरोबर, क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) बरोबर. काकू म्हणाल्या, ‘जुन्यात तर सापडत होतं.’ रात्री झोप लागली नाही.

अक्षरवेडी, इंदूर

दादा, तुमची जोडणी ठीकच आहे. हा ऱ्या आपल्या मराठीचा खास आहे, म्हणून हिंदीवाल्यांच्या मार्गदर्शनात सापडणार नाही.

तो अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिला जातो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि मग य. इनस्क्रिप्टमध्ये त्याची वेगळी कळ आहे, काकू बहुधा ती वापरत असतील. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त, आणि मध्ये न दिसणारा ‘झिरो विड्थ जॉइनर’. बरेच फोनेटिक कळफलक आणि कृतिदेवचे रूपांतरक हेच करतात. डोळ्यांना तिन्ही एक, डेटाबेसला तीन वेगळे शब्द.

पहिले दोन युनिकोडच्या दृष्टीने समान आहेत. पायथनच्या ‘युनिकोडडेटा’मधलं ‘नॉर्मलाइझ’ एनएफसी (समान अक्षरं एकाच ठरलेल्या रूपात आणायची पद्धत) सांगून चालवलं की एक होतात. पोस्टग्रेसमध्येही १३ पासून ‘नॉर्मलाइझ’ नावाचं फंक्शन आहे. तिसरा मात्र त्याने बदलत नाही. र, हलन्त, जॉइनर असं सापडलं की तिथे ऱ आणि हलन्त ठेवायचं, हे तुम्हालाच लिहावं लागेल.

ॲ चीही तीच तऱ्हा. ‘ॲ’ हे एकच अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीची माणसं अ आणि वर चंद्र असं जोडून लिहायची, काही अजून लिहितात, आणि काही जण हिंदीतला ऍ घालतात. एनएफसी यांना एक करत नाही.

मी असते तर पुस्तकाच्या टेबलात नावाचे दोन रकाने ठेवले असते. एकात नाव जसं छापलंय तसं. दुसऱ्याचं नाव ‘शोधरूप’, त्यात ही सगळी वेगवेगळी रूपं एकाच रूपात आणलेलं. शोधायला आलेला शब्दही त्याच गाळणीतून काढायचा आणि मग जुळवायचा. गाळणी एकाच ठिकाणी, एकाच फंक्शनमध्ये असू द्या.

आणखी एक, एसक्यूलाइट वापरणाऱ्यांसाठी, कारण यात मी स्वतः आठवडा घालवला. त्याचा एफटीएस५ नावाचा पूर्ण मजकूर शोध आहे. त्याची नेहमीची शब्द तोडायची पद्धत फक्त अक्षरं आणि आकडे शब्दाचा भाग मानते. आपल्या काना-मात्रा-वेलांट्या युनिकोडमध्ये वेगळ्या वर्गात, ‘मार्क’मध्ये, येतात. परिणामी ती प्रत्येक मात्रेपाशी शब्द तोडते. ‘काळे’ शोधलं की ‘कोळी’ही येतात आणि ‘केळी’ही, कारण तिघांचे उरतात फक्त क आणि ळ. टेबल बनवतानाच टोकनायझरला (शब्द तोडणाऱ्या भागाला) ‘कॅटेगरीज’मध्ये एमएन आणि एमसी हे दोन वर्ग जोडायला सांगितलं की सुटतं.

छावणीकर

अक्षरवेडी, तुमचे उपकार. जॉइनर मोजले तर रूपांतरित नावांत ७१२ निघाले! गाळणी लिहिली. काकूंनी पुन्हा ‘दऱ्या’ टाईप केलं, तिन्ही आली. त्यांनी लगेच ‘सुऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘कादंबऱ्या’ अशी ओळीने परीक्षा घेतली.

माळवी_मोड

धागा कुठच्या कुठे गेला, खूप शिकायला मिळतंय. शेअरचा माझा सल्ला मी मागे घेतो. पण तीन मशीनसाठी अख्खं पोस्टग्रेस म्हणजे जड नाही का होत? सांभाळणार कोण? फायरबर्ड हलकं असतं, एकच फाईल, आणि नंतर सर्व्हरही होतं.

मांडवीकर

फायरबर्डबद्दल मला आदर आहे. २००० साली इंटरबेसचा कोड खुला झाला त्यातून ते आलं, आणि लझारस किंवा डेल्फीत काम असतं तर मी तेच म्हणालो असतो. पोस्टग्रेस जड असतं हा समज मात्र जुना आहे. नेहमीच्या सेटिंगवर ४ जीबीच्या मशीनमध्ये ते कधी आड येत नाही.

पण मी पोस्टग्रेसच म्हणेन ते वेगळ्याच कारणाने. छावणीकर, वाचनालयात कार्डांचं जुनं लाकडी कपाट आहे का? असेल तर त्याचा शेवटचा खण बघा, काय लिहिलंय.

छावणीकर

आहे. ‘ह – ळ – क्ष – ज्ञ’.

मांडवीकर

तेच. आता एसक्यूलाइटला किंवा कुठल्याही डेटाबेसला नुसतं ‘क्रमाने लाव’ म्हणा. तो बाइटच्या क्रमाने गेला तर क्ष ची पुस्तकं क च्या शेपटीला जातील, कारण त्याच्या लेखी ते क, हलन्त, ष आहे. ज्ञ जाईल ज मध्ये. आणि ळ येईल ल आणि व यांच्या मध्ये, कारण युनिकोडच्या तक्त्यात तो तिथे आहे. म्हणजे ‘काळ’ ‘काव’च्या आधी. काकू खणांच्या क्रमाने शोधणार आणि म्हणणार, पुस्तक नाही.

पोस्टग्रेसमध्ये १० पासून आयसीयू या भाषांच्या नियमांच्या लायब्ररीची कोलेशन्स, म्हणजे अक्षरक्रमाचे नियम, आहेत. मराठीचं, ‘एमआर’चं, कोलेशन एकदा बनवा आणि नावाच्या रकान्याला तेच लावून टाका. इंडेक्सही (पटकन शोधायला डेटाबेस ठेवतो ती सूची) त्याच क्रमाने बनतो. सर्व्हरने क्रम लावला की प्रोग्रामला त्यात काही करायला लागत नाही. एसक्यूलाइटमध्येही पायथनमधून स्वतःचं कोलेशन जोडता येतं, पण ते प्रत्येक जोडणीच्या वेळी पुन्हा नोंदवावं लागतं, आणि बाहेरच्या साधनाने फाईल उघडली तर त्याला ते माहीत नसतं.

पुढे कधी ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना आयसीयूची आवृत्ती बदलली तर पोस्टग्रेस कोलेशनच्या आवृत्तीबद्दल इशारा देतं. तो आला की आधी इंडेक्स नव्याने बांधायचे, मगच इशारा मिटवायचा.

लष्करवाला

सर्व्हर ठरलाच आहे तर जोडणीची चार वाक्यं.

पोस्टग्रेस बसवल्यावर ते फक्त त्याच मशीनचं ऐकतं. बाकीच्या दोन मशीनसाठी ‘लिसन ॲड्रेसेस’ बदलून सर्व्हर रीस्टार्ट करायचा, आणि ‘पीजी-एचबीए’ फाईलमध्ये तुमच्या वाचनालयाच्या नेटवर्कची एक ओळ घालायची, पद्धत ‘स्क्रॅम-शा-२५६’. दुसऱ्या फाईलला नुसतं रीलोड पुरतं. ‘ट्रस्ट’ लिहू नका, चाचणीपुरतंही नाही, ते तसंच राहून जातं. त्याच मशीनवरून ‘पिअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ आलं तर घाबरू नका. सॉकेटने जोडताना ते लिनक्सच्या युजरचं नाव आणि डेटाबेसच्या युजरचं नाव एक आहे का बघतं. होस्ट म्हणून ‘लोकलहोस्ट’ दिलंत की पासवर्ड विचारेल.

प्रोग्रामसाठी वेगळा युजर, त्याला फक्त लागणाऱ्या टेबलांचे हक्क. ‘पोस्टग्रेस’ या मुख्य युजरने प्रोग्राम चालवायचा नाही.

आता क्यूटीतून जायचं की सायकोपीजीने, म्हणजे पायथनच्या पोस्टग्रेससाठीच्या थेट ड्रायव्हरने? क्यूटीचं स्वतःचं एसक्यूएल मॉड्यूल आहे, त्यात टेबल मॉडेल थेट पडद्यावरच्या तक्त्याला जोडता येतं. पटकन काम होतं. ‘क्यूपीएसक्यूएल ड्रायव्हर नॉट लोडेड’ येऊन खाली उपलब्ध ड्रायव्हरांच्या यादीत तेच नाव दिसलं तर गोंधळू नका, मशीनवर ‘लिबपीक्यू’ ही पोस्टग्रेसची लायब्ररी नाही एवढाच त्याचा अर्थ. सायकोपीजी घेतलं तर एसक्यूएल तुम्ही लिहिता, तक्ता तुम्ही भरता, पण चुका स्पष्ट कळतात, आणि तीच फंक्शन्स उद्या पडद्याशिवाय, रात्रीच्या अहवालाला, वापरता येतात. तुमच्या मुलांना शिकवायचं आहे तर मी सायकोपीजी म्हणेन. दोन्ही मिसळू नका.

आणि नावं एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवू नका. जागा ठेवा, मूल्य वेगळं पाठवा. एखाद्या वर्गणीदाराच्या नावात किंवा पुस्तकाच्या नावात एकेरी अवतरण चिन्ह आलं की चिकटवलेलं वाक्य मोडतं. मोडण्यापलीकडचे धोके तर सगळ्यांना ठाऊक आहेतच.

छावणीकर

मंडळी, दोन रविवार झाले, चालू केलंय. सायकोपीजी, पोस्टग्रेस, मराठी कोलेशन, शोधरूपाचा रकाना.

मधल्या काळात एकच मोठं अडलं, तेही लिहितो. बुधवारी दंडाच्या रकमेसाठी टेबलात एक रकाना जोडायला गेलो. ‘ऑल्टर टेबल’ची आज्ञा दिली आणि ती अडकली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. त्याच्यामागे दोन्ही टेबलांवरचे पडदेही थांबले, समोर सात-आठ माणसं रांगेत. आज्ञा रद्द केली तेव्हा सगळं सुटलं. ‘पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी’त (चालू जोडण्यांच्या यादीत) पाहिलं तर पहिल्या टेबलावरच्या मशीनची जोडणी ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशी चाळीस मिनिटं पडून होती. सायकोपीजी पहिल्याच क्वेरीला, मग ते साधं वाचणं का असेना, ट्रान्झॅक्शन (एकत्र पुरा करायचा कामांचा गट) उघडतं आणि कमिट म्हणेपर्यंत ते मिटत नाही. मी लिहिताना कमिट करत होतो, वाचताना नाही. काकूंनी पुस्तक शोधलं आणि त्या चहाला गेल्या, ट्रान्झॅक्शन उघडंच. त्याचं टेबलावरचं हलकं कुलूप माझ्या ऑल्टरला अडवत होतं, आणि माझं ऑल्टर मागच्या सगळ्यांना. आता वाचण्याच्या जोडणीला ऑटोकमिट (प्रत्येक आज्ञेनंतर आपोआप कमिट) लावलंय आणि लिहिण्याचं काम ‘विथ’च्या गटात, गट संपला की कमिट. शिवाय रकाने जोडणं वाचनालय बंद झाल्यावर.

लष्करवाला

उत्तम पकडलंत. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट’ नावाची सेटिंगही आहे, प्रोग्रामच्या युजरला दहा मिनिटांची लावून ठेवा. आणि जोडताना ‘कनेक्ट टाइमआउट’ पाच सेकंद द्या, नाहीतर ऑफिसची मशीन बंद असली की टेबलावरची खिडकी गोठून बसते आणि माणसं बटणं दाबत राहतात.

बॅकअपचं काय केलंत?

छावणीकर

रोज रात्री साडेआठला ‘पीजी-डंप’ या पोस्टग्रेसच्या बॅकअप आज्ञेची फाईल पेन ड्राइव्हवर, रविवारी दुसरी कॉपी माझ्या घरी.

लष्करवाला

ती परत चढवून पाहिलीत का? दुसऱ्या टेबलाच्या मशीनवर पोस्टग्रेस बसवा आणि त्यात पीजी-रिस्टोअर करून बघा. मराठी कोलेशन तिथेही बनलं पाहिजे आणि पुस्तकांची संख्या जुळली पाहिजे.

छावणीकर

आज संध्याकाळी केलं. सगळं आत गेलं, मोजदाद ११,४८३ इकडेही आणि तिकडेही. यादीचं शेवटचं पान उघडलं. ह संपला, मग क्ष, मग ज्ञ. काकूंनी लाकडी कपाटाचा शेवटचा खण ओढून शेवटची दहा कार्डं शेजारी ठेवली आणि बोट ठेवत मिळवून पाहिली. आठ जुळली. दोन पुस्तकं २०१९ च्या पावसात भिजून रद्द झाली होती, त्यांची कार्डं काढायची राहिली होती. ती त्यांनी काढून ठेवली.